नाकासमोरचं विष

महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाचं मुख्यालय वांद्र्याला आहे हे खरं, पण त्याची एकेक शाखा घरोघर असते आणि ती घरातल्या ज्येष्ठ बाईच्या नाकावर चालते. दूध नासलंय का, तूप खवट झालंय का, कालची आमटी आज चालेल का, फरशी नुसत्या पाण्याने पुसली की औषध घालून, हे सगळे निकाल तिथे लागतात. वर अपील नाही. आमच्याकडे हे खातं आत्या सांभाळते. डबा उघडायचा, नाकाजवळ न्यायचा, डोळे अर्धवट मिटायचे आणि मग "टाकून दे" किंवा "काही होत नाही, वरून फोडणी घाल" यांतला एक हुकूम सोडायचा. सरकारी अन्नविश्लेषकाला अहवाल द्यायला कायद्याने १४ दिवस दिलेले आहेत. आत्याचं काम दोन सेकंदांत होतं.

आमटीच्या बाबतीत हे नाक कधी चुकत नाही, हे मी शपथेवर सांगेन. सडलेलं, कुजलेलं, आंबलेलं ओळखण्यासाठीच निसर्गाने लाखो वर्षं खपून ते घडवलंय. भानगड एवढीच की घडण चालू होती तेव्हा बाजारात फिनेल आलेलं नव्हतं. गेल्या दीडएकशे वर्षांत माणसाने जी नवी विषं काढली, त्यांची फाइल नाकाकडे आलेलीच नाही. मग फाइल नसलेला अधिकारी करतो तेच ते करतं. ओळखीच्याला आत सोडतं, अनोळख्याला दारात अडवतं.

ओळखीच्यांत पहिला मान डांबरगोळीचा. ही मूळची दगडी कोळशाच्या डांबरातून निघालेली, शास्त्रातलं नाव नॅफ्थलीन. घन पदार्थाने आधी वितळावं, मग उकळावं, मग वाफ व्हावं अशी रीत आहे. डांबरगोळी मधल्या पायऱ्या गाळून थेट हवा होते. दिवाळीत कपाटात ठेवलेल्या गोळ्या होळीला सापडत नाहीत, तेव्हा त्या गेल्या कुठे, असा प्रश्न आपल्याला पडत नाही. थोड्या खिडकीतून गेल्या, थोड्या पातळांत गेल्या, उरलेल्या घरातल्या मंडळींनी आपसांत वाटून घेतल्या. युरोपीय संघाने २००८ साली या गोळीला बाजारातून घालवलं. कर्करोगाचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने तिला संशयितांच्या यादीत बसवलंय. आणि ज्या बाळांच्या रक्तात जी-६-पीडी नावाचं विकर जन्मतःच कमी असतं, त्यांना डांबरगोळ्यांत मुरलेल्या कपड्यात गुंडाळलं तर तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ होते. आपल्याकडे बारशाच्या दिवशी ट्रंकेच्या तळातून पणजीच्या लुगड्याचं दुपटं निघतं आणि तो वास आला की निम्म्या बायकांच्या डोळ्यांत पाणी येतं. त्यातलं भावनेचं किती आणि नॅफ्थलीनचं किती, हे कोणी मोजलेलं नाही.

मी आत्याला हे सगळं समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग काय, कसर लागू देऊ?" आता कसर लागते ती लोकरीला, रेशमाला. आत्याच्या कपाटात बव्हंशी नायलॉनच्या साड्या आहेत, इंदिराबाईंच्या काळातल्या, आजही इस्त्रीची गरज नसलेल्या. नायलॉन खाऊन पचवणारी कसर अजून जन्माला यायची आहे. तरीही प्रत्येक घडीत एक गोळी आहेच. शत्रू नसलेल्या सरहद्दीवर इतका कडेकोट पहारा मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

हॉटेलवाल्यांनी तर या गोळ्या हात धुवायच्या बेसिनमध्येच आणून ठेवल्या. पापलेट हाणून हात धुवायला उठावं तर नळाखाली पांढऱ्याशुभ्र गोळ्यांची रास. मग बडीशेप चघळत बाहेर पडताना बोटं हुंगली की मासा, लिंबू आणि आजीची ट्रंक असा तिहेरी वास येतो. हॉटेल 'स्वच्छ' असल्याचं प्रमाणपत्र म्हणून गिऱ्हाईक तो वास घरी घेऊन जातं.

दुसरी ओळख रात्रीची, मच्छर मारायच्या कॉइलची. हिचा जन्म जपानचा. उएयामा नावाच्या गृहस्थांनी १८९० च्या सुमारास शेवंतीच्या भावकीतल्या एका फुलाची पूड उदबत्तीच्या मिश्रणात घातली आणि डास पळवणारी काडी केली. काडी सरळ असल्यामुळे पाऊण तासात संपायची. डास मात्र रात्रभर ड्यूटीवर. तेव्हा त्यांच्या पत्नीने सुचवलं की काडीचं वेटोळं करा, म्हणजे लांबीही मिळेल आणि जागाही कमी लागेल. वेटोळं घातलेला साप बघून बाईंना ते सुचलं, असं सांगतात. १९०२ साली वेटोळं बाजारात आलं आणि काडीवाल्यांचं भलं झालं. बायकोचं ऐकल्याची बाजारपेठेत इतकी सज्जड नोंद क्वचितच सापडते.

कुळी उदबत्तीची असल्यामुळे आपलं नाक तिला देवघरातली पाहुणी समजतं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी बंद खोलीत कॉइली जाळून धूर मोजला. एक अख्खी कॉइल जळल्यावर फुफ्फुसात खोलवर शिरणारे जे बारीक कण निघतात, ते ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुरातल्या कणांइतके भरले. आमच्या ओळखीत एक कडक शिस्तीचे गृहस्थ आहेत. जावयाने गॅलरीत सिगारेट पेटवली तर तीन दिवस बोलत नाहीत. हेच गृहस्थ रात्री नातवाच्या पाळण्याखाली कॉइल लावतात, आणि धूर वाया जाऊ नये म्हणून खिडक्या स्वतः उठून बंद करतात. डास हुशार. ते त्याआधीच दिव्याबरोबर देवघरात शिरलेले असतात.

पण या सगळ्या गंधर्वांचं संमेलन भरतं ते दिवाळीच्या साफसफाईला. मराठी माणसाची एक ठाम समजूत आहे: स्वच्छतेला वास असतो. डोळ्यांत पाणी आलं, घशात खवखवलं, शेजारणीने "आज मोठं काम काढलंय वाटतं" म्हणून दार लोटून घेतलं, म्हणजे घर साफ झालं. फिनेल पाण्यात पडून दुधासारखं पांढरं झालं की आत्याच्या चेहऱ्यावर जे समाधान येतं, ते खऱ्या दुधाच्या सायीनेही येत नाही. त्यात पुन्हा 'एकाने काय होतंय' हे आमच्या घरचं ब्रीद. औषधाच्या गोळ्या डॉक्टरांनी दोन सांगितल्या तर अर्धी घेणारी माणसं संडास धुताना मात्र तीन बाटल्या एकदम उघडतात. आधी ॲसिड, डाग जात नाहीत म्हणून वर ब्लीचिंग पावडर, आणि वास चांगला यावा म्हणून फिनेल.

ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. हाच वायू जर्मन सैन्याने २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्र गावाजवळ नळकांड्यांतून सोडला आणि समोरची फळी मोडली. त्यासाठी त्यांना हजारो नळकांडी खंदकांत पुरून वाऱ्याची दिशा बदलायची वाट बघत बसावं लागलं. आमच्याकडे चार बाय सहाचं न्हाणीघर, एक प्लास्टिकचा मग आणि काम उरकायची घाई एवढ्यावर भागतं. इथे एक कबूल करायला हवं, की क्लोरीनच्या बाबतीत नाक इमानाने ओरडतं. ठसका लागतो, डोळे चुरचुरतात, माणूस दाराकडे धावतो. आत्याही धावली. बाहेर येऊन दोन मिनिटं खोकली, पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "आत्ता कसं निघालंय बघ!" धोक्याची घंटा वाजली की तिला सनई समजायचं, याला काय करणार?

आत्या एकटीच अशी आहे असं कोणी समजू नये. नाकावर भरवसा ठेवणाऱ्यांत मोठमोठे शास्त्रज्ञ होऊन गेले, आणि त्यांचे शिरोमणी अमेरिकेचे थॉमस मिजली. पेट्रोलवर चालणारं इंजिन ठोके देतं म्हणून या गृहस्थांनी १९२१ साली त्यात शिशाचं एक संयुग घालून बघितलं. ठोके थांबले. पुढे कारखाने निघाले आणि कामगारांना भ्रम व्हायला लागला. १९२४ च्या ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीतल्या एका कारखान्यात पाच जण वेडाच्या झटक्यात गेले, आणि वर्तमानपत्रांनी त्या रसायनाला 'वेडा वायू' म्हणायला सुरुवात केली. तेव्हा मिजलीसाहेबांनी पत्रकार बोलावले, त्यांच्यासमोर ते द्रव्य हातांवर ओतून हात धुतल्यागत चोळले आणि बाटली नाकाला लावून मिनिटभर हुंगली. बघा, काही होतं का? हे रोज केलं तरी मला काही होणार नाही, असा एकूण आव. एक गोष्ट सांगायची राहिली, की आदल्याच वर्षी शिशाची बाधा झाली म्हणून हे महाशय कामावरून रजा घेऊन फ्लोरिडाला हवा खायला गेले होते.

एवढ्यावर थांबले असते तर ते मिजली कसले. पुढे त्यांनी फ्रीजसाठी फ्रिऑन वायू काढला आणि १९३० साली रसायनशास्त्रज्ञांच्या भर सभेत तो छातीभर ओढून मेणबत्तीवर फुंकून दाखवला. मेणबत्ती विझली, मिजली ठणठणीत, टाळ्या. वायू विषारी नाही हे सिद्ध झालं, आणि ते खरंही होतं. मात्र तो वर जाऊन ओझोनचा थर पोखरतो, हे कळायला १९७४ साल उजाडलं. म्हणजे एका माणसाने दोनदा नाक पुढे केलं, दोनदा नाकाने 'हरकत नाही' म्हटलं, आणि दोन्ही वेळा निस्तरलं साऱ्या जगाने. शिसेयुक्त पेट्रोल आपल्याकडे २००० सालापर्यंत मिळत होतं. शेवटचा देश अल्जिरिया, २०२१. माझ्या पिढीतली कित्येक माणसं वडिलांच्या स्कूटरवर पुढे उभी राहून पेट्रोल पंपावर 'काय छान वास येतो' म्हणत ऊर भरून श्वास घेत असत. त्या वासात कर्करोग करणारं बेंझीन होतंच, आणि गाड्यांच्या धुरातलं शिसं मुलांची बुद्धी कमी करत होतं. आमच्या पिढीच्या एकंदर कर्तबगारीचा खुलासा कुणाला हवा असेल, तर हा घ्या.

शिशाची खरी गंमत ही की त्याला वास नाही आणि त्याचे काही क्षार चवीला चक्क गोड आहेत. घराच्या रंगात शिसं किती असावं याचा आपल्याकडे २०१६ साली नियम झाला, दहा लाख भागांत ९०, आणि नोव्हेंबर २०१७ पासून तो लागू आहे. त्याआधीचे जे दरवाजे-खिडक्या घरात आहेत, त्यांचे पोपडे नखाने काढायचा छंद प्रत्येक मुलाला असतो. शेंदूरसुद्धा परंपरेने शिशाचाच. दगडाच्या मारुतीला त्याने काही होत नाही. पण मारुतीला हात लावून तेच बोट तोंडात घालणाऱ्या चार वर्षांच्या भक्ताचं शरीर दगडाचं नसतं. वडापावाच्या कागदाचं तेच. छपाईच्या शाईतले जिन्नस गरम तेलात उतरतात म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ साली इशारा दिला, २०१८ च्या नियमांत वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधायला मनाईच केली. मनाईची बातमी ज्या कागदावर छापून आली, त्याच कागदात मी दुसऱ्या दिवशी वडा खाल्ला. बातमी तेलामुळे पारदर्शक झाली होती, दोन्ही बाजूंनी वाचता येत होती.

माणसाचं हे नाकवेड ओळखून त्याचा उपयोग करून घेतला फक्त गॅसवाल्यांनी. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा असा वास नसतोच. १८ मार्च १९३७ रोजी टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत तळघरात साठलेल्या बिनवासाच्या नैसर्गिक वायूने पेट घेतला आणि तीनशेच्या आसपास मुलं आणि शिक्षक गेले. त्यानंतर वायूमध्ये मुद्दाम दुर्गंधी मिसळायचे कायदे झाले. आज आपल्या सिलिंडरमध्ये इथाइल मर्कॅप्टन नावाची चीज असते, सडक्या कोबीच्या वासाची, आणि ती चिमूटभर जरी हवेत आली तरी आत्या तिसऱ्या खोलीतून विचारते, "शेगडी बंद आहे का रे?" नळी किती वर्षांची आहे, रेग्युलेटर कसा आहे, हे प्रश्न कोणी विचारत नाही. पण नाकाला बातमी पोचली की सगळं घर कामाला लागतं. ज्याने कुणी हे पहिल्यांदा ओळखलं, त्याला माणसाची नाडी कळली होती.

त्याच सिलिंडरवर न्हाणीघरातला गॅस गिझर चालतो, आणि तिथे नाक पुन्हा निरक्षर. हवा पुरेशी नसली की ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक चिकटतो. दर हिवाळ्यात पेपरात अशी एखादी बातमी असते, की न्हाणीघराचं दार तोडावं लागलं. या गिझरचा सिलिंडर आणि बर्नर बाहेर ठेवा, झरोका उघडा ठेवा, हे दोन नियम. आपल्याकडे थंडीची चाहूल लागली की घरातले कर्ते पुरुष पहिलं काम काय करतात, तर स्टुलावर चढून झरोक्याला पुठ्ठा लावतात. कडेने चिकटपट्टीसुद्धा मारतात, चांगली, मजबूत. आयुष्यात एवढं नेटकं सुतारकाम त्यांनी दुसरं केलेलं नसतं.

नाकाची बाजू घ्यायची तर ती आंब्याच्या पेटीशी घ्यावी. कॅल्शियम कार्बाइडने पिकवलेला आंबा पिवळाधम्मक दिसतो, पण देठाशी नाक नेलं की आत कोणीच नाही. कार्बाइडला ओल लागली की ॲसिटिलीन सुटतो, लोखंडाच्या वेल्डिंगला वापरतात तोच, आणि बाजारी कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरस यांची भेसळही असते. त्यावर बंदी आहे. पेटीतून लसणासारखा उग्र दर्प आला तर आत्या आंबेवाल्याला त्याच्या सात पिढ्यांसकट परत पाठवते, आणि तिथे ती शंभर टक्के बरोबर असते. गडबड पुढे होते. सरळ वाटणारा आंबेवाला सांगतो की मावशी, आम्ही इथिलीनवर पिकवतो, सरकारमान्य आहे. "म्हणजे केमिकलच ना!" की संपलं. आता इथिलीन हा वायू आंबा पिकताना स्वतःच सोडतो. भाताच्या पेंढ्यात आढी लावतात ती तो वायू कोंडून राहावा म्हणूनच. दहा लाखांत १०० भागांपर्यंत तो वापरायला परवानगी आहे. पण नाव इंग्रजी, म्हणून बिचारा आंबा रद्द. घरी येऊन आत्या डांबरगोळ्यांच्या कपाटातून पैशांचा बटवा काढते आणि 'विषमुक्त नैसर्गिक' अशी पाटी लावलेल्या दुकानातून दुप्पट भावाने तोच आंबा आणते.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं, कारण शहरातल्या घरात विष थेंबाथेंबाने येतं. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात ते पंपाने आलं. त्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. कपाशी डोक्याइतकी वाढलेली, दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली, वर उकाडा. डब्यावर तांबड्या रंगाचा इशारा असतो, खाली माहितीपत्रक असतं आणि ते भिंगाशिवाय वाचता येत नाही. फवारणारा माणूस काय करतो, तर नाकातोंडाला दुपट्टा बांधतो. अशी कित्येक कीटकनाशकं घामेजल्या कातडीतूनही आत शिरतात. रोजाने फवारायला जाणाऱ्याला हातमोजे कोणी दिले नव्हते, आणि मोजे देणं हे कुणाचं काम, यावर नंतर बरीच चर्चा झाली. या जागी मला विनोद सुचत नाही.

आमच्या सोसायटीतही फवारणी होते, झुरळांची. यंदा कार्यकारिणीने नवा ठेकेदार नेमला. मुलगा तरुण, शिकलेला. त्याने फवारा आणलाच नाही. सुईसारख्या नळीतून ओट्याखाली, बिजागऱ्यांत, सिंकच्या मागे मोहरीएवढे जेलचे ठिपके दिले आणि म्हणाला, झुरळं हे खातील आणि मरतील, तुम्हाला काही त्रास नाही, भांडी हलवायची गरज नाही, वास तर अजिबात नाही. हा शेवटचा शब्द त्याला भोवला. तिसऱ्या दिवशी झुरळं दिसेनाशी झाली, पण चौथ्या दिवशी सभा बोलावली गेली.

"वास नाही म्हणजे नुसतं पाणी मारलंय," तळमजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर म्हणाले.

"पण झुरळं गेली ना काका?" मी.

"झुरळं काय, शेजारच्या बिल्डिंगमध्ये गेली असतील. येतील परत. पूर्वीचा माणूस यायचा तेव्हा आम्ही दोन दिवस बहिणीकडे राहायला जायचो. त्याला म्हणतात काम."

"वीस वर्षांत असं झालं नाही हो," आत्याने दुजोरा दिला. "मागच्या वेळी तर माझं कुंडीतलं तुळशीचं झाड गेलं होतं!" हे तिने अभिमानाने सांगितलं.

बिल अडलं. ठेकेदार तरुण असला तरी धंद्यातला होता. पुढच्या रविवारी तो जुना पितळी पंप खांद्याला लावून आला, गच्चीपासून पार्किंगपर्यंत सगळे जिने काळ्या फिनेलने न्हाऊ घातले आणि प्रत्येक मजल्यावर मोठ्याने सांगितलं की दोन तास लहान मुलांना खाली ठेवा. मुलं खोकत, नाचत खाली गेली. मोठी माणसं रुमाल नाकाला लावून एकमेकांकडे बघत समाधानाने मान हलवत होती. संध्याकाळी सेक्रेटरींनी चेक फाडला आणि याच माणसाला तीन वर्षांचा ठेका द्यायचा ठराव मांडला. ठराव एकमताने मंजूर झाला. फक्त दुसऱ्या मजल्यावरच्या दमेकरी अण्णांचं मत घेता आलं नाही. ते दुपारपासून मुलाच्या घरी ऑक्सिजन लावून पडले होते.